रोडअक्काने तोडलेली तिण्णै

रोडअक्का कुठल्याही नव्या गावात कामाला गेली, की आधी तिथली सगळ्यांत म्हातारी बाई शोधून काढायची. अंथरुणाला खिळलेली नव्हे, अजून स्वतःच्या पायांनी बाजारात जाणारी. मग ही तिच्या मागोमाग, हातात रिकामी पिशवी धरून, बाजारापर्यंत आणि परत. म्हातारी कुठे थांबली, कुठे तिने भिंतीला हात लावला, कुठे गटार टाळायला भर रस्त्यात शिरली, सगळं बघून ठेवायची. कावेरीच्या खालच्या अंगाला एका गावात असल्याच एका आजीबाईला वाटलं, हिचा डोळा आपल्या गळ्यातल्या साखळीवर आहे. तिने भर बाजारात असा आरडाओरडा केला, की केळीवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे धावून आले. अक्काने सांगितलं, की मी तुमच्या गावच्या रस्त्याचा आराखडा करायला आले आहे. तेव्हा आजीबाई म्हणाली, "मग मागून काय येतेस? बरोबर चाल, पिशवी धर." अक्काने तिची भाजीची पिशवी घरापर्यंत पोचवली.

तिची कचेरी छोटी, खाजगी. लहान गावांच्या नगरपालिकांसाठी रस्ते, गटारं आणि पायवाटा यांचे आराखडे करून द्यायची. पाण्याला उतार कुठे द्यायचा, गटारावर झाकणं कशी बसवायची, बसस्टँडसमोर माणसांनी रस्ता कुठून ओलांडायचा, असली कामं. पूल नाही, धरण नाही, कुणी फीत कापायला येईल असं काहीच नाही. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव रोडअक्का पाडलं, आणि मोठ्यांनीही तेच उचललं. तिला त्याचा राग नव्हता. "खड्डाअक्का नाहीं म्हटलें, हें काय थोडें?" म्हणायची.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन तंजावुरात आले, राजवाड्यामागच्या मराठी घरांच्या गल्लीत. आमच्या समोरचं घर अक्काचं. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. आई लवकर गेली होती, आणि लग्नाचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. इथली मंडळी घरात मराठी बोलतात, पण ते मराठी तीनशे वर्षं वेगळ्या पाण्यावर वाढलेलं. मी तोंड उघडलं की सगळे कौतुकाने ऐकत, आणि पाठ वळली की हसत. अक्का मात्र तोंडावर हसली. "तुमचें मराठी रेडिओवरल्या बातम्यांसारखें हो वहिनी. ऐकायला छान, घरांत वापरायला भीती वाटते." त्या दिवसापासून आमचं जमलं. मी घरी हिंदीच्या शिकवण्या घ्यायची, आणि संध्याकाळी ती कामावरून आली की आम्ही दोघी कॉफी घेऊन बसायचो.

तिचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता मीच बोलता बोलता म्हणून जाते: "रस्ता गाडीला आपोआप मिळतो, माणसाला मागावा लागतो." आणि पायवाट चांगली झाली की नाही, हे ती मोजमापाने ठरवायची नाही. काम संपलं की चार-आठ दिवसांनी पुन्हा जाऊन बघायची, की तिथे फुलवाली बसली का. फुलवाली बसली असली तर काम पास. "तिज पाणी नको, चिखल नको, गाडी अंगावर नको, आणि चालणारीं माणसें पाहिजेत. तीच खरी इंजिनियर." मग तिच्याकडून मुळं मल्लिगै, म्हणजे हातभर मोगऱ्याची माळ, घ्यायची आणि केसांत माळून घरी यायची. अक्का फुलं माळून आली, म्हणजे कुठल्यातरी गावातलं काम उरकलं, हे आम्हाला न सांगता कळायचं.

रागही तिला असाच सावकाश, पण पुरता यायचा. एका ठेकेदाराने गटाराचा उतार उलटा दिला. पाणी नाल्याकडे जायचं ते शाळेच्या फाटकाकडे चाललं. तो म्हणे, बाई, सिमेंट वाळलं, आता पुढच्या वर्षी बघू. अक्काने शाळेतून एक स्टूल मागवून घेतलं आणि नेमकं त्या गटारावर मांडून बसली. डबा तिथेच खाल्ला. पोरं सुटली, मास्तर सुटले, ठेकेदार तिच्याभोवती घिरट्या घालतोय, आणि ही शांतपणे पेरू खातेय. शेवटी त्याने माणसं बोलावून काम फोडायला घेतलं. आम्हाला ही गोष्ट सांगताना ती म्हणाली, "ओरडायला कसाला पाहिजे? बसलें कीं झालें."

अशी दुसऱ्यांच्या गावांना शहाणं करणारी बाई आणि तिची स्वतःची गल्ली मात्र बघवत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. दर निवडणुकीआधी जुना रस्ता न खरवडता त्यावरच नवा थर ओतायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. सासूबाई सांगायच्या, की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात शिरायला पायऱ्या चढाव्या लागत. मी आले तेव्हा उतरावं लागत होतं. ऐप्पसीच्या महिन्यात, म्हणजे आपल्याकडे दिवाळी असते तेव्हा, इथला खरा पाऊस सुरू होतो. तेव्हा सगळ्या गल्लीचं पाणी खालच्या टोकाला जमायचं. गटारावरच्या फरश्या कुठे फुटलेल्या, कुठे डुगडुगणाऱ्या. म्हातारी माणसं त्या दिवसांत दारातूनच देवळाला हात जोडत.

अक्काचे वडील, अप्पा, तर बाराही महिने हात जोडत. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. काही वर्षांपूर्वी अशाच एका फरशीवर पाय गेला आणि पडले. हाड जुळलं, पण धीर गेला. तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे घरापुढची तिण्णै. आपण ओटा म्हणतो, त्याला इथे तिण्णै म्हणतात. दारालगत बांधलेला, वर छप्पर असलेला, येणाऱ्याजाणाऱ्याने टेकावं असा. अप्पा सकाळी आंघोळ करून तिथे बसले, की दिवे लागेपर्यंत तिथेच. येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायचा नाही. शाळेच्या पोरांना ते गणित घालत. पोस्टमनला त्याच्या मुलीच्या अभ्यासाचं विचारत. माझ्या मिरजेच्या मराठीच्या चुका काढत, आणि त्या चुका नसत, पण मी मान्य करायची. मला वाटायचं, म्हातारपण असं जावं.

अक्काला तसं वाटत नव्हतं. एकदा कॉफी पिता पिता ती अचानक म्हणाली, "लोकांस दिसतें अप्पा तिण्णैवर बसलेत. मज दिसतें अडकलेत. देऊळ हाकेवर, वाचनालय हाकेवर, आणि हा माणूस इथून हालत नाहीं. गांवोगांवच्या म्हाताऱ्यांस मीं चालायला लावलें वहिनी, माझा बाप बसून आहे." तिचे डोळे भरले होते. मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

म्हणून आमच्या गल्लीचं काम तिच्या कचेरीकडे आलं, तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. आराखडा तिने स्वतः केला. रस्ता खरवडून खाली घ्यायचा, अक्काच्या घराच्या बाजूने बंद गटार न्यायचं, आणि त्याच्यावर सपाट पायवाट, थेट देवळापर्यंत, हाताला धरायला लोखंडी नळी. अडचण एकच होती. त्या बाजूच्या सगळ्या तिण्ण्या रस्त्याच्या जागेत पुढे आलेल्या होत्या. त्या काढल्याशिवाय गटारही नाही आणि पायवाटही नाही. वरून हुकूम असा, की घरमालक राजी असतील तरच हात लावायचा.

आता अक्काने जे केलं, ते फक्त आमच्याच गल्लीतली मुलगी करू शकते. ती कागद घेऊन गेली नाही. शुक्रवारी सकाळी रेशमी साडी नेसून, कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची वाटी घेऊन, लग्नाचं आवतण करतात तशी घरोघर गेली. बायकांना कुंकू लावलं, पुरुषांच्या हातावर अक्षता ठेवल्या, पाया पडली, कॉफी घेतली आणि सांगितलं: तिण्णै द्या, मी तुम्हाला रस्ता देते. प्रत्येक घराने कुंकू लावून घेतलं. प्रत्येक घर म्हणालं, "होऊं दे गे, चांगलें होऊं दे." समोरची आमची बाजू वाचली होती, तरी ती आमच्याकडेही आली, आणि सासूबाईही हेच म्हणाल्या. मी बाहेरची, माझी जीभ गप्प बसेना. मी विचारलं, "अक्का, कुणाकडून लिहून घेतलंस का?" ती माझ्याकडे जरा रागानेच बघत म्हणाली, "कुंकूं लावून घेतल्यावर लिहून मागायचें? ह्या लोकांस तुम्ही काय समजलांत वहिनी?" मी करंड्याचं झाकण लावून तिच्या हातात दिलं.

गटाराचं काम खालच्या टोकापासून वर करत जातात, आणि खालचं टोक म्हणजे अक्काचंच घर. तिला तेच हवं होतं. दुसऱ्याच्या दाराला हात लावण्याआधी आपलं दार फोडायचं, ही तिची रीत. यंत्र आलं त्या सकाळी अप्पा नेहमीसारखे तिण्णैवर बसले होते. कडेचा लाकडी खांब त्यांच्या आजोबांनी कोरवून घेतलेला. अक्का समोर उभी राहिली. अप्पाच उठले, उपरण्याने बसायची जागा झटकली, कुणी पाहुणा बसणार असावा तशी, आणि म्हणाले, "सरी, बरें. तोड गे. मीं आंत बसतों, रस्ता झाला कीं सांग." पहिला घाव पडला तेव्हा मी खिडकी लावून घेतली. दुपारपर्यंत त्या घराचा पुढचा भाग गेला होता. दाराच्या चौकटीखाली नुसती उघडी माती दिसत होती.

दुसऱ्या दिवशी यंत्र शेजारच्या रावकाकांच्या दारी गेलं. रावकाका म्हणजे गल्लीतले वजनदार गृहस्थ, अप्पांचे बालमित्र. ते आपल्या तिण्णैच्या मधोमध मांडी घालून बसले होते. अक्काने हसत म्हटलं, "काका, उठायचें नव्हें का?"

"कसाला?"

"तुम्ही होऊं दे म्हणून सांगिटलें कीं."

रावकाका खरोखरच बुचकळ्यात पडले. ते नाटक करत नव्हते, म्हणूनच फार वाईट वाटलं. "अय्यो, तूं कुंकूं घेऊन आलीस. आमच्या डोळ्यांपुढची पोर. तुज दारांतून नाहीं म्हणून घालवायचें? चांगलें होऊं दे म्हटलें. तिण्णै तोड म्हणून कोण म्हटलें?" वरच्या घरांतून हळूहळू सगळे गोळा झाले. सगळ्यांचं म्हणणं तेच. एकानेही तिला कडू शब्द ऐकवला नाही. उलट, ऊन लागेल म्हणून रावकाकांच्या बायकोने, रावमामींनी, तिच्यासाठी ताक आणलं. ताक हातात धरून अक्का एकेका तोंडाकडे बघत उभी होती.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी सासूबाईंवर घसरले. मग तुम्ही तरी कशाला होऊ दे म्हणालात? त्यांनी भात उतरवला आणि म्हणाल्या, "कुंकूं घेऊन आलेल्या पोरीस नाहीं म्हणतात का? मिरजेस म्हणतात?" मिरजेसही म्हणत नाहीत.

अक्काने पुष्कळ धडपड केली. दोन घरं वळली, चार वळली नाहीत, आणि वळलेली दोन पुन्हा फिरली. ओरडणं तिला येत नव्हतं. ठेकेदारासमोर गटारावर बसणारी ही बाई रावकाकांसमोर बसू शकली नाही, कारण लहानपणी त्यांच्याच मांडीवर बसली होती. काम थांबलं, यंत्र गेलं, पैसा दुसऱ्या कुठल्या रस्त्याकडे वळला. मागे राहिला तो अक्काच्या दारापुरता गटाराचा एक तुकडा, दोन्ही तोंडांनी बंद. आणि पुढे तिण्णैचा अडसरही उरला नव्हता. ऐप्पसी आला, तसं सगळ्या गल्लीचं पाणी सरळ त्यांच्या माजघरात शिरलं.

अप्पांची खुर्ची आता दाराच्या आत, अंधारात. तिथून त्यांना रस्त्यावरच्यांचे पायच काय ते दिसत. माणसं पूर्वीसारखीच जात होती, पण त्या दारापाशी आली की पाऊल उचलत, मान दुसरीकडे वळवत. शरम वाटायची, दुसरं काही नाही. पण म्हाताऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? ज्याच्याशी दिवसभर कुणी ना कुणी बोलत असे, तो दिवसच्या दिवस गप्प राहू लागला. गणितं विचारणारी पोरंही आईबापांचं बघून यायची थांबली. मी रोज जाऊन बसायची. पण मी एकटी गल्ली थोडीच होणार होते?

पोंगलनंतर माझ्या नवऱ्याने एक गवंडी नेला. निदान लहानसा ओटा तरी परत बांधून देऊ, म्हाताऱ्याला बाहेर बसता येईल, असं आमच्या मनात. अप्पांनी गवंड्याला आत बोलावून कॉफी दिली आणि परत पाठवला. "काम चालूं आहे," म्हणाले. "मध्येंच तिण्णै बांधली तर रस्ता कोठून नेतील?" मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. गवंडी गेल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, "मीं बांधून घेतली तर ती हरली असें होतें. ती रोज ह्याच दारांतून कामावर जाते." त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यानंतर कुणीही विचारो, डॉक्टर, नातेवाईक, पाणी उपसायला आलेला माणूस, ते एकच सांगत: काम चालूं आहे. अक्का आतल्या खोलीत ते ऐकत असे. ती त्या वर्षात फुलं माळून आलेली मला आठवत नाही.

आता ते घर बंद आहे. अक्काने कचेरी बदलली, लांबच्या एका गावात राहते, तिथल्या बसस्टँडपुढचं काम करते असं ऐकते. मी फोन केला तर बोलते, हवापाण्याचं विचारते, गल्लीचं विचारत नाही. गवंडी परत गेला, त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडावर अप्पा गेले. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. मला तिची आठवण येते ती त्या सकाळची.

रात्रभर पाऊस पडून थांबला होता. सगळी गल्ली आली. अशा वेळी पुरुष मंडळी मयताच्या घरच्या तिण्णैवर बसतात. इथे बसायला जागाच नव्हती, म्हणून सगळे चिखलात उभे राहिले. शेवटी रावकाकांनी म्हाताऱ्यांना आपल्या तिण्णैवर बसवलं, पण स्वतः ते बसले नाहीत. अग्नी द्यायला कुंभकोणहून पुतण्या आला होता. तिरडी उचलली. आमच्यात बायका उंबऱ्याबाहेर येत नाहीत. अक्का आली. ती रडत नव्हती. तिरडीच्या पुढे होऊन, निऱ्या वर धरून, ती रस्त्याने चालू लागली आणि मागे न बघता खांदेकऱ्यांना सांगू लागली. "डावीकडली फरशी हालते, उजवीकडून या. इथें खोल आहे, हळूं. ह्या झाकणावर पाय ठेवूं नका." तिला कुणी थांबवलं नाही. रावकाका पुढच्या खांद्याला होते, आणि ती सांगेल तिथे, सांगेल तसं पाऊल टाकत होते. देवळापर्यंत तिने अप्पांना असं नेलं. तिथून पुढे चांगला रस्ता होता. ती बाजूला झाली आणि तिरडी वळणावरून दिसेनाशी झाली.

ती परत आली, पण घरात गेली नाही. तिण्णै होती त्या जागी, ओल्या मातीत बसली. आत बायका घर धूत होत्या. मी जाऊन तिच्याजवळ बसले. मग सासूबाई आल्या, आणि मग आपली तिण्णै उतरून रावमामी. त्यांनी अक्काचा हात धरला आणि रडू लागल्या. धुतलेल्या घराचं पाणी उंबऱ्यावरून बाहेर आलं आणि आमच्याकडे सरकू लागलं. अक्काने ते पाहिलं.

"मामी, पाय वर घ्या," ती म्हणाली. "पाणी इकडेच येतें."